परवानगी

गुरुवार होता. हे आठवतं, कारण
दहाला वीज जाणार हे ठाऊक असूनही
निर्मात्याने नवाची वेळ दिली होती.

पौड फाट्याजवळ, टायरच्या दुकानाखाली
आमचं तळघर. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या,
आणि त्यांच्याआड वीस वर्षं उडणारी
रेडिओवरची दोन जहाजं.

'ध्रुवा'चं इंजिन म्हणजे नारायण पेठेतली गिरणी.
मी स्वतः टेप केलेली, अर्ध्या वेगाने वाजवलेली.
ज्वारी दळताना घेतली; गव्हाला तो खर्ज नाही.
'अगस्ती'ला कॉम्प्युटरचं इंजिन आलं. स्वच्छ.
मला ते कधी आवडलं नाही, पण मला कोणी विचारलंही नाही.

धडफळे 'ध्रुवा'चे कप्तान. अकरा वर्षं.
मग जहाज बदललं
आणि खुर्चीत आल्या झुबेदा आत्तार.
पोतंभर पत्रं यायची : खरा कप्तान कोण?
कसब्यातल्या एका गृहस्थांनी दोघांच्या गुणांचा तक्ता पाठवला,
आणि शीर्षकगीतातल्या ऱ्हस्व-दीर्घासाठी
मालिकेचे तीन गुण कापले.

हजाराव्या भागात दोघं पहिल्यांदाच समोरासमोर.
संहितेत भांडण होतं :
धूमकेतू एक, खुर्ची एक, हुकूम कोणाचा?

धडफळे आले. अठ्ठ्याहत्तर वय,
कापडी पिशवीत पाण्याची बाटली आणि दम्याचा पंप.
एक चप्पल काढून दारातच थांबले.
"कप्तान, तुमच्या जहाजावर येऊ का?"

हे संहितेत नव्हतं.
बाईंनी हेडफोन काढले. उभ्या राहिल्या.
"या. पायरी जपून, ती मोडकी आहे."
"माझ्या काळातही मोडकीच होती," ते म्हणाले,
आणि दुसरी चप्पल काढली.

चौथ्या पानावर वीज गेली.
जनरेटर वरच्या टायरवाल्याचा,
त्याच्याशी आमचं बोलणं बंद.
तळघरातला अंधार म्हणजे खरंच अंतराळ;
तिथे फक्त दोन आवाज तरंगत होते.

"एक कबूल करायचंय," बाई म्हणाल्या.
"हुकूम देण्याआधी तुम्ही थांबायचात ना,
ती शांतता मी चोरली. तुमच्या टेपा घरी नेऊन,
घड्याळ लावून. दोन सेकंद.
लोक म्हणतात, त्या दोन सेकंदांत माझा कप्तान मोठा होतो."

धडफळे हसले, खोकले, पुन्हा हसले.
"अहो, तो दम लागायचा मला.
मी कसला विचार करतोय! श्वास शोधायचो."

मी अंधारात मान खाली घातली.
ती धाप मीच कापत आलो होतो, ब्लेडने,
अकरा वर्षं, दर मंगळवारी,
आणि जागेवर कोरी फीत चिकटवायचो.
तिथून त्यांनी धीर घेतला. कोऱ्या फितीवरून.

"आता माझी चोरी," ते म्हणाले.
"तुमचा कप्तान एकदा सगळ्या जहाजाला सांगतो,
'मला माहीत नाही.'
मी ते घरी बसून ऐकलं आणि रेडिओ बंद केला.
अकरा वर्षांत हे वाक्य
मी एकदाही मागून घेतलं नाही.
हल्ली घरात म्हणून बघतो. सून दचकते."

बाई काहीच बोलल्या नाहीत.
दोन सेकंदांहून जास्त.

वीज पाचला आली. तोवर चौथं पान
चहाच्या कपांखाली गेलं होतं.
भांडण गेलं. धूमकेतू राहिला.
"हुकूम द्या," त्या म्हणतात. "खुर्ची मोकळी आहे."
"मला माहीत नाही," ते म्हणतात. "तुम्हाला काय वाटतं?"

कधी हजारावा भाग लागला तर
या वाक्याच्या आधी कान द्या.
धाप आहे तिथे. मी कापली नाही.
तिच्याखाली, अगदी हळू, ज्वारी दळली जातेय,
आणि पलीकडे, माईकपासून हातभर मागे सरून,
कोणीतरी वाट बघतंय
त्यांचा श्वास पुरा होण्याची.