पालथं टेबल

मालाखी म्हणायचा, आधी पालथं घाल त्याला.
वरची बाजू पाहुण्यांची,
खालची आपली.

तर आम्ही दोघांनी ते पालथं घातलं,
यॉलच्या वर्कशॉपात, जुन्या घोंगडीवर.
महोगनी. मेणानं आणि कोपरांनी
अडीचशे वर्षं काळवंडत आलेली.
इतकी जड, की मालाखीची कंबर
आयरिशमध्ये शिवी हासडून गेली.

सही नाही. चिठ्ठी नाही.
आतल्या फळीवर खडूचे तीन फराटे,
आणि कोपऱ्यात, वाळून काच झालेल्या सरसात
रुतलेला एक अंगठा,
घाईतला, आडवा.
मी माझा त्यावर टेकवून पाहिला.
माझ्या नखाएवढासुद्धा भरेना.
‘शिकाऊ पोर असणार,’ मालाखी म्हणाला,
‘सरसाचं भांडं ढवळणारं.
चटका बसला असेल, ओरडायची चोरी.’

पुढच्या पट्टीवर सिंहाचं तोंड आहे.
कोरणाऱ्यानं सिंह काही पाहिला नसावा.
भुवया भाडं वसूल करायला येणाऱ्या कारभाऱ्याच्या,
नाक गल्लीतल्या कुत्र्याचं,
जीभ मात्र त्याची स्वतःची,
काम मन लावून करताना
आपोआप बाहेर येते ती.
खाली पंजे. पंजांवर केस,
एकेक वेगळा सोडवलेला,
जणू कुणी रात्री विंचरून ठेवले.

आणि हे झाड इथलं नव्हेच.
डब्लिनच्या धक्क्यावर ओंडका उतरला
तो जमैकाहून.
तिथे ज्यानं घाव घातले
त्याचा अंगठा कुठल्याच सरसात नाही.
जहाजाच्या वहीत लाकूड फुटांनी मोजलेलं असेल.
तोही मोजलेला असेल,
त्याच वहीत, चार पानं अलीकडे.
पॉलिशची चिंधी फिरवताना
लाल रंग वर येतो, तेव्हा
मी खिडकीबाहेर बघते.

फिट्झमॉरिस बाईंना आरसा हवाय,
मेणबत्त्या दोनदा दिसाव्यात असा.
मिळेल.
जुना सरस खरवडायचा असतो,
नाहीतर नवा धरत नाही.
मी सगळीकडे खरवडला,
एक चौरस इंच सोडून.
मालाखीनं बघितलं,
आणि चहा ठेवायला निघून गेला.
बिलात ते कुठे लिहायचं
आम्हां दोघांनाही कळलं नाही.

मग टेबल सुलटं केलं.
सिंहाची जीभ
अजून बाहेरच.