लांडगा

माझ्या चेलोत एक लांडगा राहतो.
तिसऱ्या तारेवर, एफ शार्पच्या आसपास.
तिथं बोट ठेवलं की तारेचं आणि लाकडाचं पटत नाही,
सूर अडखळतो, गुरगुरतो,
दोन भाऊ एकाच दारातून एकदम बाहेर पडू बघतात तसा.
न्यूपोर्टचे प्रॉसर, वाद्यं दुरुस्त करणारे, म्हणाले,
चांगल्या चेलोत असतोच. नसला तर काळजी करा.
आणि घोडीच्या खाली, तारेवर
पितळेची एक नळी बसवून दिली, बोटाच्या पेराएवढी.
अठरा पौंड.

पावती ठेवली. पावत्या मी सगळ्याच ठेवते,
बुटाच्या खोक्यात मावतं माझं वर्ष:
राळ, तारा, काळा झगा (दुसरा), पार्किंग, पार्किंग,
आणि चेलोचं विमानाचं तिकीट,
प्रवाशाचं नाव चेलो, आडनाव माझं.
खिडकी त्याला. जेवण नाही.

मंगळवारी स्वान्सीत ऑर्केस्ट्राच्या शेवटच्या रांगेत,
बेथनचं मनगट सुजलं म्हणून,
फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते.
तेच चिमटे गुरुवारी किल्ल्यावरच्या लग्नात
नोटेशनच्या कागदांना लावले, समुद्राचा वारा होता,
नवरी चाळीस मिनिटं उशिरा आली
आणि आम्ही चौघं तेच सहा तुकडे फिरवत राहिलो.
शनिवारी कार्डिफ, बारा हजार माणसं,
कानात टिक टिक टिक,
आणि सूचना एवढीच:
कॅमेरा आला की गज जरा उंच न्या.

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात.
एका घरी विचारतात, अजून त्या पॉपवाल्यांबरोबर असतेस का?
दुसऱ्या घरी म्हणतात, थोडं कमी बरोबर वाजवता येईल?
उपाशी मात्र राहिले नाही कधी.
लग्नात सँडविच असतात.
मयताला जास्त चांगले.

मग ब्रिस्टलचं ते तळघर.
गाणारी एकोणीस वर्षांची, पायात नुसते मोजे,
बाप पोलादाच्या कारखान्यात होता, त्याच्यावर गाणं,
कारखाना बंद, बाप बोलत नाही.
माझ्या वाट्याला चार मात्रांची चार आवर्तनं.
प्रवासात कुठेतरी नळी गळून पडली होती,
मला पत्ता नव्हता.
दुसऱ्या टेकला लांडगा उठला.

मी थांबले. माफ करा म्हटलं.
तिनं चहाचा कप खाली ठेवला.
ते काय होतं? म्हणाली. तेच.
तेच परत.

एकवीस वर्षं त्याला झाकायला शिकले होते,
मागितला कोणीच नव्हता.
आणि बोलावल्यावर तो येईना.
नऊ वेळा सूर आला स्वच्छ, गोल, देखणा,
काचेच्या पलीकडे सगळे माना हलवत होते, नाही, नाही.
अकराव्यांदा मी थकले होते, कोपर खाली गेलं,
आला.

नव्वद पौंड, एकदाच. अल्बमवर नाव चुकवलं,
नेरिसची नेरिसा झाली.

पाच महिन्यांनी लानेलीच्या सुपरमार्केटात,
गोठवलेल्या मटारांचं दार मी उघडं धरून,
छतातल्या स्पीकरमधून अचानक गुरगुर.
शेजारी एक म्हातारा तारीख वाचत होता पाकिटावरची,
तो वाचता वाचता थांबला,
वर बघितलं, आणि पाकीट परत ठेवलं.
गाण्यामुळेच असं नाही. तारीख उलटली असेल.
काउंटरवरच्या पोरीला सांगणार होते, तो मी,
पण तिनं विचारलं, पिशवी हवी का,
आणि मी हो म्हटलं.

प्रॉसरनी नवी नळी दिली. आता चोवीस पौंड.
बसवली.
स्क्रू मात्र पुरता आवळला नाही.

मंगळवारी परत शेवटची रांग, संथ भाग,
एफ शार्प आला.
कंडक्टरनं एकदा आमच्या बाजूला बघितलं.
मी पान उलटलं.