धुळे ते धुळे

पहाटे पाचला पांझरेच्या पुलाजवळ
एकेचाळीस सायकली, एकेचाळीस लाल दिवे.
वैजयंता डॉक्टर प्रत्येकाचे ब्रेक दाबून बघतेय,
तडवी सर केळी वाटतायत,
आणि लोटन माझ्यापासून चार चाकं लांब,
हेल्मेटचा नीट असलेला पट्टा नीट करतोय.

वैशाखापासून आम्ही बोलत नाही.
त्याच्या प्राजूचं लग्न. गावभर घरोघरी फिरला,
माझी पत्रिका मात्र मोबाइलवर आली.
दारात कुणी नाही, खिशात नुसतं टिंग.
मी गेलो नाही. बायको जाऊन आली,
म्हणाली, वरणबट्टी छान होती.
ते जास्तच लागलं.

नरडाण्यापर्यंत ट्रकांचा रस्ता.
शेजारून गेला की आधी खेचतो, मग ढकलतो,
सोयऱ्यासारखा.
सावळद्याला तापी ओलांडताना फटफटलं,
पाणी इतकं निश्चल की तडवी सर म्हणाले,
हळू चालवा, जागी होईल.

शिरपूरला टपरीवर पहिला शिक्का.
मग उजवीकडे चोपड्याचा रस्ता, आणि समोरून वारा.
डावीकडे सातपुडा, निळा, काही विचारत नाही.
उजवीकडे कापूस वेचणाऱ्या बाया, त्या विचारतात,
"कितला पैसा भेटतस तुम्हले?"
"आम्हीच भरतस, मावशी!" तडवी सर ओरडले.
ते हसू दोन शेतं आमच्या मागे येत राहिलं.

वाऱ्यात मानापमान चालत नाही.
पुढे असेल त्याच्या चाकाला चिकटायचं.
पुढे लोटन होता.
चौतीस किलोमीटर मी त्याची पाठ बघितली:
घामाचा नकाशा, खिशात चेपलेलं केळं,
चढ आला की उचलला जाणारा डावा खांदा.
खड्डा आला की हात खाली, बोट खड्ड्याकडे.
बोलत नव्हता. पण एकही खड्डा
मला न सांगता जाऊ दिला नाही.

अनेरच्या पुढे त्याने दाखवलेला एक
मी बघितला नाही, केळीचा ट्रक बघत होतो.
टायर कुशीत फाटला, चांगला बोटभर,
ट्यूब बाहेर, बेडकाच्या गळ्यासारखी.
वैजयंता म्हणाली, याला टाका पडत नाही,
आतून जाड कागद हवा.
दहाची नोट लावली. फाटली.

लोटनने सीटखालची पिशवी उघडली.
पंक्चरच्या पुड्याखालून एक पाकीट,
कोपऱ्यांना हळद, कडा मऊ पडलेल्या,
वर त्याच्या वळणदार अक्षरात:
श्री. राजधर भामरे, सहपरिवार.

मी वाचलं. वाचताना त्याने मला बघितलं.
"दोनदा उनू," तो म्हणाला. "कुलूप व्हतं."
मग पंप शोधत, खाली बघून,
"मंग ऱ्हाई गयं."

गणपती तेवढा फाडून त्याने खिशात ठेवला,
उरलेल्या पत्रिकेची चौघडी केली
आणि टायरच्या आत अंगठ्याने दाबली.

चोपडा, शिक्का. पुन्हा तापी, आता उन्हाची.
चाकाच्या प्रत्येक फेरीला पत्रिका
रस्त्याला एकदा टेकायची: टुक.
अमळनेरच्या अलीकडे पारावरचा म्हातारा:
"कथाईन उनात, भो?"
"धुयाथीन."
"कथा चालनात?"
"धुये."
"मंग निंघनात कसाले?"
चौघांपैकी एकालाही उत्तर आलं नाही.

पारोळ्यापासून वारा पाठीमागून होता,
म्हणजे पुढे राहणं हा काही उपकार नव्हता.
तरी मी पुढे राहिलो,
प्रत्येक खड्ड्याला हात खाली केला,
नसलेल्यालाही एकदोनदा.

सहा वाजून सहा मिनिटांनी शेवटचा शिक्का.
वैजयंता रस्त्यावरच आडवी झाली,
तडवी सरांकडे अजून दोन केळी होती.

नवा टायर चार महिने कपाटात पडून आहे.
बायको म्हणते, बदला.
बदलेन. आधी दोंडाईच्याला जाऊन येतो,
प्राजूचा आहेर राहिलाय.
साठ किलोमीटर.
तेवढं टिकेल.