सातवा बर्फ

ससून डॉकमागच्या कारखान्यात बाबा डबे भरायचे.
आत नळाचं पाणी, भोवती मिठाचं, उणे दहावर,
वर लाकडी झाकणं; त्यांच्यावरून
मोइद्दीनचाचा अनवाणी फिरायचे.
अमोनियाचा वास आमच्या चादरींनाही.

लादी कडांकडून गोठत येते, बाबा सांगायचे,
आणि नको ते सगळं मध्ये लोटते :
हवा, गाळ, पाइपातला गंज.
म्हणून पोटात ती पांढरी शीर.
"पाण्याला सगळं चालतं.
बर्फाला परकं खपत नाही."

आठवीत असताना विचारलं,
गारठलं की सगळं आकसतं, मग हा का फुगतो?
त्यांनी एका डब्याची उसवलेली शिवण दाखवली.
"त्याला विचार."

चार अंशांपर्यंत पाणी शहाण्यासारखं आकसतं,
मग त्याचं मन बदलतं.
रेणू हात पसरून उभे राहतात,
प्रत्येकाला चार शेजारी,
आणि मधे मोकळी जागा –
एवढी जागा या शहरात
कोण कुणासाठी सोडतं?
म्हणून बर्फ हलका. म्हणून तरंगतो.

आता मी दोन हिऱ्यांच्या टोकांत
पाण्याचा ठिपका दाबते.
एसी पंचवीसवर, माझ्या कपाळाला घाम,
आणि काचेखाली बर्फ.
मोकळ्या जागेत दुसरी अख्खी जाळी येऊन बसते :
एका खोलीत दोन बिऱ्हाडं,
मधे पडदासुद्धा नाही,
तरी कुणाचा हात कुणाला लागत नाही.
हा सातवा. बर्फाचे वीसेक प्रकार सापडलेत,
मोजणी संपलेली नाही.
हा पाण्यात बुडतो.
दाब वाढवत न्या, चहाइतका कढत झाला
तरी वितळणार नाही.

बाबांना सांगितलं.
त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना
अजून काही कळत नाही, गरम की गार.
बराच वेळ पेल्याकडे बघत राहिले.
"कढत बर्फ? मग बोंबील कशात ठेवायचे?"
मी हसले. ते हसले नाहीत.
"आणि दाब काढल्यावर?"
पुन्हा पाणी, म्हटलं. ठिपकाभर.
"एकदम काढतेस?"

हो, म्हटलं. कधी कधी.

"लादी ओढून काढायची नसते," बाबा म्हणाले.
"डबा आधी साध्या पाण्यात बुडव.
जरा थांब.
ती आपली आपण सुटते."