तालमीचा समुद्र

तापीच्या या वळणावर, शिरपूरच्या खाली,
सिमेंटची एक होडी आहे, कधीच न तरंगलेली.
पुढची बाजू उघडी, उडी मारण्यापुरती.
टेप धरला: छत्तीस फूट.
तळाशी गाळ, एक बाभूळ,
कुणाची तरी शेळी.

सुपडू कोळी सांगतो, बापाने डोळ्यांनी पाहिलेलं:
लढाईच्या साली शिट्टी वाजली
की पोरं उतरायची गुडघाभर पाण्यात,
बंदुका डोक्यावर धरून,
आणि समोरच्या डांगरवाडीवर चाल करून जायची.
तुडवलेल्या वेलांचा सव्वा रुपया मिळाला.
पावतीसकट.

त्यातल्या एका पोराने, इकडलाच असावा,
बापाला हळूच विचारलं होतं,
"समिंदर असाच ऱ्हास का?"
बापाने तरी कुठे पाहिलेला.
म्हणाला, "ऱ्हास."

निशाणीच्या भिंतीत गोळ्यांची भोकं.
एकशे चौदापर्यंत मोजली, मग सोडलं;
निम्म्यांत कुंभारणीने
मातीची घरं लिंपून टाकलीत.

नोंदवहीत एक छापील रकाना आहे:
किनाऱ्यापासूनचे अंतर.
माझं पेन तिथेच थांबलेलं.
सुपडू वाकून बघतो.
"लिहा ना भाऊ, चार पावलं.
उन्हाळ्यात चाळीस."