बॉयलर एकच आहे

जिन्याच्या चौथ्या पायरीवरची निळी चिकटपट्टी मीच लावली.
वरच्यांनी सांगितलं म्हणून. म्हणजे आधी खालच्यांनी सांगितलं,
मग दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली
आणि दोन्ही पत्रांची प्रत मला: मि. प्राइस, माहितीसाठी.

ब्रॉन्क्समधली ही इमारत माझ्या बापाहून म्हातारी.
वरचे दोन मजले चार्टर शाळेचे,
राखाडी गणवेश, भिंतीभर कॉलेजांची निशाणं.
खालचे दोन सरकारी, नुसत्या क्रमांकाची शाळा,
क्रमांकही पाटीवरून अर्धा उडालेला.
तळघर माझं.
तळघराला मंडळ नाही.

वरच्यांना आहे, नऊ जणांचं.
त्यातले दोघे मला ओळखतात, बाकीच्यांना लिफ्ट ओळखते.
खालच्यांचं मंडळ अख्ख्या शहराचं,
त्यातले बरेचसे महापौरांचे.
शिवाय दूर आल्बनीत कुणीतरी बसतं,
जे वरच्यांना सनद देतं
आणि पाच वर्षांनी आलेख मागवून तीच सनद उजेडात धरून बघतं.
छप्पर कुणाचं, हे मात्र गळेपर्यंत कुणी विचारत नाही.

जानेवारीत गळलं.
वरचे म्हणाले, छप्पर शहराचं.
शहर म्हणालं, वापर तुमचा.
आल्बनीचा फोन वाजत राहिला, मधूनमधून व्हायोलिन.
मी बादली ठेवली.
ही कुणाच्या अंदाजपत्रकातली, खालच्या प्रिन्सिपल बाप्तिस्तबाईंनी विचारलं
आणि आम्ही दोघं हसलो,
कारण बादली माझ्या घरची होती.

आल्तग्रासिया पेन्याची दोन्ही मुलं इथेच.
याडिएलचं नाव सोडतीत निघालं, तो वर.
मायरेली प्रतीक्षायादीत एकशे बारावी, ती खाली.
थंडीत हातमोज्यांच्या एकाच जोडीतला एकेक घालून येतात,
उरलेले दोन हात एकमेकांत.
दारापाशी सोडतात.
तो चढताना पट्टीवर पाय पडू देत नाही.
ती उगाच येऊन पट्टीवर उभी राहते.

वाचनालयात यांची सत्तेचाळीस मिनिटं, त्यांची त्रेपन्न,
पटसंख्येच्या प्रमाणात.
हिशोब मी दोनदा करून पाहिला. बरोबर आहे.

मार्चमध्ये सुनावणी.
वरच्यांना आणखी सहा खोल्या हव्या होत्या,
त्यात जिन्यामागची ती छोटी,
जिथे बुधवारी अडखळणाऱ्या जिभांचा तास भरतो.
एकीकडे छापील पिवळे टीशर्ट, बसने आणलेले,
दुसरीकडे पुठ्ठ्यांवर घरी रंगवलेले फलक.
दोन्हीकडे आया होत्या, दोन्हीकडच्या खऱ्या.
आल्तग्रासिया मधल्या वाटेत उभी,
कुठे बसावं हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

माणशी दोन मिनिटं.
तिचं नाव पुकारलं तेव्हा अकराला वीस कमी होते
आणि दुभाषी नऊलाच घरी गेला होता.
एक मिनिट 'स्पॅनिश कुणाला येतं' यात गेलं.
मग मायरेली खुर्चीवर चढली.
आई विचारते, म्हणाली, आम्ही
आम्ही यात रागवायचं क
क
आणि माइक बंद झाला. नियमाने. कुणी मुद्दाम नाही केला.

बॉयलरपाशी तीस वर्षं काढून माझा एक कान गेलाय,
तरी मला ते पुरतं ऐकू आलं.
मंचावर एकाने काहीतरी टिपून घेतलं.
ठराव आठ विरुद्ध पाच.

खुर्च्या आवरल्या, खाली आलो, दाब पाहिला.
रात्री पुन्हा गोठणार म्हणतात.
पहाटे साडेचारला वाफ चढते तेव्हा
पाइप आधी खाली ठोकतात, मग वर,
मध्ये कुठे थांबत नाहीत.

पट्टीचा एक कोपरा सुटत चाललाय.
नवी मागायची तर कुणाकडे,
हे मला अजून कुणी लेखी कळवलेलं नाही.