अनुभवाचा रकाना

पाळीच्या पंचायत हॉलात
सुलक्षा वेळीप बाईंनी अर्ज वाटले. दोन पानी.
शेवटचा रकाना : अनुभव.

लिहिलं, टिप्पर, दहाचाकी, चौदा वर्षं.
खाण ते जेटी, जेटी ते खाण.
मग खाण बंद.
टिप्पर तीन पावसाळे अंगणात उभा,
हौद्यात उरलेल्या लाल मातीत तेरडा फुलला.
बायको म्हणाली, चला, निदान फुलं तरी.

बाईंनी वाचून वर पाहिलं.
"वाटेत माल सांडायचा तुमचा?"
म्हटलं, ताडपत्री मी स्वतः बांधायचो.
"मग या सोमवारी."

सहा महिने. वर्गात एकोणीस बाया आणि मी.
रबरी माणसावर शिकलो
दर दोन तासांनी कूस बदलायला,
घोट देण्याआधी हनुवटी खाली घ्यायला.
"घाबरू नका" असं म्हणायचं नाही.
आता काय करणार आहोत, तेवढं सांगायचं.

तिठ्यावर दत्तप्रसाद म्हणाला,
काय रे तिळू, आता म्हाताऱ्यांची ढुंगणं धुणार?
हो, म्हटलं. सोळा हजारांवर.
दुसरी परीक्षा दिली की बावीस.
नाहीतर विशेष मुलांच्या शाळेत मदतनीस,
नाहीतर फिजिओच्या हाताखाली,
नाहीतर इस्पितळातून घरी धाडलेल्यांकडे, ज्यांना
घरी कोण आहे हे कुणी विचारलेलंच नसतं.
मी बोटांवर मोजत राहिलो.
त्याचा चहा गार झाला.

रायबंदरहून दिवाडीला सव्वासहाची फेरीबोट.
एर्मेलिंदा बाय, नव्वदीला दोन कमी.
पहिल्या दिवशी : "कोणालो रे तूं?"
गाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं.
ती माझे हातच बघत होती.

आंघोळीच्या वेळी लाजलो तो मी.
तिनं नुसती मान पुढं केली.
साबण उतरवताना एकेक मणका हाताला लागला,
चोर्ला घाटातल्या कठड्याच्या दगडांसारखा.
हळू. इथं वळण आहे.

चाकाची खुर्ची मागं घेताना
सवयीनं तोंडातून पीं पीं निघालं.
कवळी पेल्यात होती,
तरी एवढी हसली, एवढी हसली
की मला परत पुसावं लागलं सगळं.
आता रोज वाजवावं लागतं.

रविवारी तिचा आग्नेल येतो, फोनवर, स्विंडनहून.
एकदा विचारलं, तू तिथं काय करतोस?
थांबला जरा.
आई ऐकत नाही ना, बघितलं.
"केअर होम. रात्रपाळी.
एक म्हातारा आहे, रेल्वेतला. कोणाला हात लावू देत नाही,
मला देतो. त्यालाच न्हाऊ घालून आलो आत्ता."
पाणी कशानं बघतोस?
"कोपरानं."
मग आम्ही दोघं
तिच्या पायाच्या नखांबद्दल बोललो.

म्हापशाचा एजंट म्हणतो, इंग्रजी काढ,
तुझं सर्टिफिकेट चालतं तिकडं,
वर्षात बसवतो विमानात.
त्याचाही अर्ज दोन पानी. खणात ठेवलाय.
शेवटी तोच रकाना, आणि आता लिहायला एवढं आहे
की काय लिहावं कळत नाही.
मी गेलो तर इथं कोण येईल, हे विचारलं
तर एजंट म्हणाला, येईल की कोणीतरी, झारखंडहून.
आणि झारखंडात?
त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

पाळीला माझ्या आईच्या गुडघ्यांना बायको तेल लावते.
पुढच्या बॅचसाठी तिनंही नाव दिलंय.
आईला अजून सांगितलेलं नाही.

आज संध्याकाळची फेरी चुकली.
बदलीची मुलगी आली, चप्पल काढून उभी राहिली,
तरी एर्मेलिंदा बाय हात सोडेना.
झोपेत होती. पकड जुन्या गियरसारखी,
जोर लावला की आणखी अडते.
मी बसून राहिलो. खांदा अवघडला.
पलीकडं नदीत एक रिकामी बार्ज नांगरलेली,
दिवा नाही, कुणी नाही.

सातची मिळेल.
नाहीतर साडेसातची.